दसरा काढताना लेकराची वाकळ धुवायला दिली त्याचा अनुभव (लातूर)

दसरा काढणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या बायांना सांगायची गरज नाही, पण पुण्या-मुंबईकडचं कुणी वाचत असेल तर सांगते, घटस्थापनेच्या आधी सगळं घर झाडून पुसून, भांडीकुंडी घासून, आणि मेन म्हणजे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, त्याला दसरा काढणं म्हणतात. पक्षपंधरवड्यातच हे काम उरकावं लागतं कारण एकदा घट बसले की मग धुणं-बडवणं काढता येत नाही. आमच्या सासूबाईंच्या काळात सगळ्या वाकळा, म्हणजे गोधड्या, बैलगाडीत टाकून नदीवर न्यायच्या, दिवसभर तिथंच, वाळवूनच घरी आणायच्या. आम्ही लातुरात आल्यावर दोन-तीन वर्षं गच्चीवर धुतल्या, पण आमच्या भागात नळ चार-पाच दिवसाला येतो, आणि ज्या शहरानं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं बघितलंय त्या शहरातल्या बाईला दहा-दहा बादल्या पाणी एका वाकळंवर ओतताना हात थरथरतो, खरं सांगते.

यंदा म्हणजे २०२५ ला प्रश्न उलटाच झाला, पाणी वरूनच एवढं पडायलं की वाळवायला ऊनच नाही. सप्टेंबरचा अर्धा महिना गेला तरी आभाळ उघडंना. घट २२ तारखेला बसणार होते. १७ ला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची ह्यांना सुट्टी होती म्हणून माळ्यावरचं सगळं खाली काढलं तर ब्लँकेटांना असा कुबट वास की जवळ बसवंना. घरातलं मशीन सात किलोचं, त्यात डबल ब्लँकेट बसतच नाही, आणि वाकळ तर कोरडी बसली तरी भिजल्यावर एवढी जड होते की ड्रम फिरत नाही, उगं मोटर जाळून घ्यायची. सासूबाईंचा गुडघा दुखतो, आणि माझ्यामागं अडीच वर्षाचं लेकरू. मग शेजारच्या वहिनींनी सांगितलं म्हणून औसा रोडच्या आतल्या बाजूला एका गल्लीत एक धुलाईचं सेंटर आहे तिथं गेले. दुकानाला वेगळं असं नाव नाहीच, पत्र्याच्या बोर्डावर नुसतं 'ब्लँकेट, रजई, वाकळ धुऊन मिळेल' लिहिलंय. एक मावशी आणि त्यांचा मुलगा चालवतात. दोन मोठी मशीन, एक पाणी पिळून काढायचं हायड्रो, आणि एक ड्रायर.

रेट सांगते म्हणजे अंदाज येईल. डबल ब्लँकेट २००, वाकळ १५०, सोलापुरी चादर ५०, लेकराची छोटी वाकळ ८०. माझे तीन ब्लँकेट, चार वाकळा, सहा चादरी आणि एक छोटी वाकळ, असे १५८० झाले. कमी नाहीत, पण चार दिवस घरात ओले ढीग पडले असते आणि तरी वाळले नसते, त्या हिशोबानं मला जास्त वाटले नाहीत.

आता खरी गोष्ट त्या छोट्या वाकळंची आहे, त्यासाठीच एवढं लिहायला बसले.

ही वाकळ सासूबाईंनी स्वतःच्या दोन जुन्या इरकली साड्या आणि सासऱ्यांचं एक धोतर घालून शिवलेली आहे, हातानं, धावदोऱ्यानं, लेकरू पोटात होतं तेव्हा. पहिलं वर्षभर ती आम्ही घडी घालूनच ठेवली होती कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं की वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना जवळ जाड मऊ पांघरूण ठेवायचं नाही, श्वास अडकू शकतो, आणि हे मी सगळ्यांना सांगत असते कारण आपल्याकडं बाळंतविड्यात पहिलं हेच येतं आणि लगेच बाळावर टाकतात. वर्ष झाल्यावर दिली आणि तेव्हापासून आमचं पिल्लू तिला 'वाकू' म्हणतं. कोपरा धरायचा, नाकाला घासायचा आणि झोपायचं. दुसरं काही चालत नाही. त्या कोपऱ्याचा रंगसुद्धा गेलाय. आणि तिच्यावर दूध सांडलेलं, वरण सांडलेलं, एकदा उलटी झालेली, मी वरवर पुसून घेत होते पण आतल्या थरापर्यंत मुरलेलं ते काही निघत नव्हतं.

तर गुरुवारी दुपारी पिल्लू झोपलं आणि मी हळूच त्याच्या हातातून वाकू सोडवून घेतली, गठुड्यात घातली आणि देऊन आले. मला वाटलं दोन दिवसाचा प्रश्न आहे, इरकलीचा दुसरा तुकडा देऊ, विसरेल. नाही विसरलं. संध्याकाळी उठल्यापासून जे शोधायला लागलं ते दिवाणाखाली, कपाटात, बाथरूममधी, शेवटी दारात उभं राहून 'वाकू ये, वाकू ये' असं हाका मारायलं. रात्री साडेबारापर्यंत रडून रडून घसा बसला. ह्यांनी खांद्यावर घेऊन जिन्यात फेऱ्या मारल्या. आज्जीनं स्वतःची साडी दिली, ती त्यानं हातात घेतली, वास घेतला आणि खाली टाकली. मला त्या रात्री लई वाईट वाटलं. मोठ्या माणसाची वस्तू आपण न विचारता उचलत नाही, आणि लेकराची मात्र उचलली.

शुक्रवारी सकाळी नऊला त्याला घेऊनच सेंटरवर गेले. मावशींचं दुकान नुकतंच उघडलं होतं, पावसामुळं बाहेर पाच-सहा जण गठुडे घेऊन उभे. मी सांगितलं की लेकराची वाकळ धुतली नसली तरी परत द्या, मी अशीच नेते. मावशींनी पिल्लूकडं बघितलं, त्याचे डोळे सुजलेले, आणि म्हणाल्या, "चोरून आणली व्हय माय? असं करू नये, त्याच्या हातानं टाकू दे पाण्यात." आणि खरंच त्यांनी ढिगातून वाकू काढली, त्याच्या हातात दिली, त्यानं छातीशी धरली, आणि मावशी त्याच्यासमोर टब घेऊन बसल्या. "वाकूला अंघोळ घालायची का, घाण लागली बग तिला." दहा मिनिटं तो नाही म्हणला. मावशींनी घाई केली नाही, बाजूला बाकीच्यांचे गठुडे मोजून घेत होत्या. मग ह्यानं स्वतःच कोपरा पाण्यात बुडवला.

त्यांनी ती मशीनमधी टाकलीच नाही. आधी पांढरं फडकं ओलं करून इरकलीच्या काठावर घासून बघितलं रंग जातोय का, थोडा गेला, म्हणून गरम पाणी नको म्हणाल्या. गार पाण्यात साधी साबण पावडर, हातानं दाबून दाबून धुतली, पिळली नाही. हातशिलाईची वाकळ पिळली की धावदोरा तुटतो आणि आतले थर गोळा होतात, मग ती कितीबी चांगली धुतली तरी गाठोडंच राहतं, हे त्यांनी मला तिथं दाखवून सांगितलं, एका दुसऱ्या गिऱ्हाइकाची तसली वाकळ होती. दोन ठिकाणी आमचीपण शिवण उसवलेली होती, ती त्यांनी आधी दोन टाके घालून बंद केली, मग पाण्यात घातली. मला हे माहीत नव्हतं, मी नेहमी धुऊन झाल्यावर शिवायचे. त्याचे पैसेपण वेगळे घेतले नाहीत. नंतर हायड्रोमधी दोन-तीन मिनिटं, आणि ड्रायर कमी तापमानावर. पिल्लू स्टुलावर बसून काचेतून बघत होता, ती वर गेली की 'वाकू!' खाली आली की 'वाकू!' एवढंच. दीड तास लागला. अकराच्या आसपास आम्ही घरी आलो तर रिक्षातच झोपला, कोपरा नाकाला लावून.

बाकीच्या सामानाचं मात्र सगळंच गोड नाही, तेपण लिहायला पाहिजे. शनिवारी देतो म्हणाले होते, शनिवारी फोन केला तर उचलला नाही, ह्यांनी चक्कर मारली तर झालं नाही, रविवारी म्हणजे अमावस्येला संध्याकाळी सातला मिळालं, दुसऱ्या दिवशी सकाळी घट बसवायचे. घरात पितरांचा स्वयंपाक करून थकलेली मी त्या वेळी ब्लँकेटच्या घड्या घालत होते. गर्दी होती, पाऊस होता, लाईट जात-येत होती, समजतं मला, पण एक फोन करायला पाहिजे होता. एक डबल ब्लँकेट मधोमध दमट होतं, वरून लागत नव्हतं पण घडी उघडली की वास यायचा. ते सोमवारी परत नेऊन दिलं, कुरकुर न करता परत ड्रायरमधी टाकून दिलं, पैसे घेतले नाहीत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ज्याच्या घरी लहान लेकरू आहे त्यांनी हे वाचाच. प्रत्येक नगाला ते नंबराची चिठ्ठी सेफ्टी पिनेनं लावतात. एका चादरीच्या कोपऱ्यात पिन तशीच राहिली होती आणि ती उघडलेली होती. मी अंथरताना हाताला लागली म्हणून कळलं. ज्या लेकराला कोपरा तोंडाजवळ घ्यायची सवय आहे त्याच्या अंथरुणात उघडी पिन, मला त्या वेळी घाम फुटला. मी मावशींना स्पष्ट सांगितलं, रागानंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. नंतर गेले तेव्हा लहान लेकरांच्या कपड्यांना चिंधी दोऱ्यानं बांधायला सुरुवात केलेली दिसली. पण मोठ्यांच्या कपड्यांना अजून पिनाच आहेत, म्हणून घरी आणल्यावर एकेक कोपरा चाचपूनच अंथरा.

दुसरं म्हणजे ते शेवटी सुगंधी लिक्विड टाकतात. चादरींचा वास दोन दिवस गेला नाही, पिल्लूला शिंका येत होत्या. आधीच 'वासाचं टाकू नका' म्हणून सांगितलं तर टाकत नाहीत. पाणी बोअरचं आहे, जड आहे, त्यामुळं कपडा जरा कडक होतो, ते आपल्याकडं कुठंबी होणारच.

नंतरचं थोडं. नवरात्र यंदा एक दिवस वाढलं होतं, दसरा २ ऑक्टोबरला. मधी २७-२८ सप्टेंबरला परत जो पाऊस झाला तो सगळ्यांना माहीतच आहे. माझ्या मामाचं गाव मांजरा नदीच्या काठाला, सोयाबीन तर पाण्यात गेलंच, घरातपण पाणी शिरलं, आणि ते सहा जण आमच्याकडं आले, अंगावरच्या कपड्यानिशी. त्या रात्री कोरडं, स्वच्छ अंथरूण घरात भरपूर होतं. मामी ब्लँकेट अंगावर घेऊन बराच वेळ काही न बोलता बसल्या होत्या, घटाजवळच्या दिव्याकडं बघत. पिल्लूनं आपली वाकू नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवली. झोपायच्या वेळी परत घेतली, पण ठेवली होती.

पाणी उतरल्यावर मामाच्या घरातल्या चिखलानं भरलेल्या अकरा वाकळा आम्ही ह्याच सेंटरवर नेल्या. मावशी म्हणाल्या आधी पाइपानं चिखल काढून आणा, नाहीतर माझं मशीन बसंल, आणि ते बरोबरच होतं, आम्ही मामाच्या अंगणातच बोअर चालू करून चिखल काढला. पुरातलं अंथरूण आहे कळल्यावर त्यांनी वाकळंला १५० चे ७५ लावले. मी सांगितलं नव्हतं कमी करा म्हणून. त्यातल्या दोन वाकळा सडल्या होत्या, त्या घेतल्याच नाहीत, उगं पैसे कशाला घालवता म्हणाल्या. बाकीच्या नऊ चांगल्या निघाल्या, वास पूर्ण गेला. त्यांच्या घरातली ती एवढीच वस्तू जशीच्या तशी परत मिळाली.

आता कोजागिरी झाली, दुपारी ऑक्टोबरचं ऊन चटके देतंय आणि पहाटे चारला लेकरू गारठून जवळ सरकतंय, म्हणजे रात्री पंखा लावायचा आणि पहाटे उठून पांघरूण टाकायचं असे दिवस आहेत. ह्या दिवसांना ब्लँकेट जड होतं, चादर पुरत नाही, वाकळच बरोबर बसते.

पाचपैकी चार देते. एक कमी केला तो पिनेचा. तारीख सांगतील त्यात एक दिवस स्वतःच वाढवून धरा, म्हणजे घटाच्या किंवा लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवसावर काम येणार नाही. सकाळी नऊ ते अकरा गेलात तर मावशी स्वतः असतात, हातशिलाईचं काही असेल तर त्यांच्याच हातात द्या आणि मशीनमधी टाकू नका असं तोंडानं सांगा, मुलगा चांगला आहे पण तो सगळं ड्रममधीच टाकतो. आणि लेकराचं काही द्यायचं असेल तर लेकराला घेऊन जा.

पडदे अजून राहिलेत, दिवाळीच्या आधी एक चक्कर होईल. पिल्लूला सांगितलंय की दिवाळीत पहाटे सगळ्यांना उटणं लावून अंघोळ असते, तेव्हापासून रोज विचारायलाय, वाकूला उटणं कोण लावणार, मावशी का?