दोर्दोन्य की लॉट? फ्रान्सच्या खेड्यांत चार दिवस घालवायचे तर कुठल्या नदीकाठी

फ्रान्सच्या नैऋत्येला दोर्दोन्य आणि लॉट या दोन नद्या जवळजवळ समांतर वाहतात. दोन्हींची लांबी ४८० किलोमीटरच्या आसपास. मध्य फ्रान्सच्या डोंगराळ भागातून निघून दोन्ही पश्चिमेकडे जातात आणि शेवटी गारोन नदीला मिळतात. काठावर चुनखडीचे उंच कडे, कड्यांना चिकटलेली पिवळसर दगडाची गावं, आदिमानवाच्या चित्रांच्या गुहा आणि अक्रोडाच्या बागा हेही दोन्हीकडे आहे. दोर्दोन्यजवळचं सार्ला आणि लॉटकाठचं काओर ही दोन मुख्य गावं गाडीने सव्वा-दीड तासाच्या अंतरावर. म्हणून पॅरिस झाल्यावर हातात चार दिवस उरलेले लोक सहसा ‘दोन्ही करू’ म्हणतात.

माझं मत स्पष्ट आहे: चार दिवसांत दोन्ही करू नका. रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत. रोज सामान उचलून मुक्काम हलवला तर निम्मा दिवस गाडीतच जातो. एक नदी निवडा, एकाच गावात राहा. निवडताना प्रेक्षणीय स्थळांची संख्या मोजू नका, कारण त्यात दोर्दोन्यच जिंकणार. दिवस कसा घालवायला आवडतो ते बघा. पाण्यावरून किल्ले बघत जायचं असेल तर दोर्दोन्य. पायी हिंडायचं असेल आणि गर्दी नको असेल तर लॉट.

दोर्दोन्य: नावेतून दिसणारे किल्ले

सार्लाच्या दक्षिणेला नदीचा जो पट्टा आहे, त्यात दहा-बारा किलोमीटरांत इतकं काही दाटलंय की पहिल्यांदा जाणारा भांबावतो. उत्तर काठावर बेनाकचा किल्ला, समोर दक्षिण काठावर कास्तेलनो. इंग्लंड-फ्रान्समधल्या मध्ययुगीन शतवर्षीय युद्धात बेनाक फ्रेंच राजाच्या बाजूला आणि कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे होता, म्हणजे दोन शत्रू एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात बसलेले. कास्तेलनोत आता मध्ययुगीन युद्धकलेचं संग्रहालय आहे. दगडफेकीची प्रचंड लाकडी यंत्रं तिथे पूर्ण आकारात बांधून ठेवली आहेत. सोबत आठ-दहा वर्षांची मुलं असतील तर अर्धा दिवस इथेच जातो.

हा पट्टा बघायचा तो कयाकमधून. सेनाकहून निघालं की ला रोक-गाजाकच्या कड्याखालून आणि कास्तेलनोच्या पायथ्यावरून बेनाकपर्यंत ९-१० किलोमीटरचा प्रवाह मिळतो. उन्हाळ्यात पाणी संथ असतं, त्यामुळे आधी कधी वल्हं हातात धरलं नसलं तरी चालतं. मात्र पोहता आलं पाहिजे. कयाक भाड्याने देणारे शेवटच्या ठिकाणाहून छोट्या बसने परत आणतात, म्हणजे उलट वल्हवायचा प्रश्न नाही. एका दुपारीत तीन-चार गावं आणि दोन किल्ले नदीच्या पातळीवरून दिसतात. माझ्या मते याच एका गोष्टीसाठी दोर्दोन्य निवडायला हरकत नाही. लॉटवर असा सलग देखावा नाही.

आई-वडील बरोबर असतील तर कयाकऐवजी ला रोक-गाजाकहून गाबार घ्या. पूर्वी ज्या सपाट तळाच्या लाकडी होड्यांतून मालाची वाहतूक व्हायची, तशा होड्यांतून साधारण तासाभराची फेरी होते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोर्दोन्य एकंदरीतच सोयीचं. १२८१ मध्ये वसवलेलं दोम हे तटबंदीचं गाव टेकडीच्या माथ्यावर आहे, पण हंगामात वर जायला छोटी पर्यटक-गाडी असते. बेनाकची चढण मात्र खडी आहे.

याच पट्ट्यात मिलांदचा वाडाही आहे. अमेरिकेत जन्मलेली नर्तकी-गायिका जोसेफीन बेकर इथे राहत होती. तिने वेगवेगळ्या देशांतली १२ मुलं दत्तक घेऊन इथे वाढवली. नाझींविरुद्धच्या लढ्यात तिने फ्रान्ससाठी गुप्त कामगिरी केली होती. २०२१ मध्ये पॅरिसच्या पाँतेओं या राष्ट्रीय स्मारकात तिला स्थान मिळालं. किल्ल्यांचा कंटाळा आलेल्या माणसालाही ही जागा धरून ठेवते.

सार्ला गाव सुंदर आहेच. ऐतिहासिक वस्त्यांच्या जतनासाठी १९६२ मध्ये झालेल्या मालरो कायद्याचा लाभ मिळालेल्या पहिल्या गावांपैकी ते एक. बुधवार-शनिवारच्या बाजारासाठी जरूर थांबा, पण जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी नऊच्या आत पोहोचा. त्यानंतर गाडी लावायला जागा शोधण्यातच उत्साह संपतो.

गुहा: खरी की हुबेहूब?

माझ्यासाठी निवडीचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे.

दोर्दोन्यची उपनदी व्हेझेर हिच्या खोऱ्यात आदिमानवाच्या चित्रांची लास्को गुहा आहे. १९४० च्या सप्टेंबरमध्ये गावातल्या मुलांना ती गुहा सापडली. १९४८ मध्ये ती लोकांसाठी उघडली, आणि रोज शेकडो माणसांच्या श्वासाने, ओलाव्याने आणि दिव्यांनी भिंतींवर शेवाळ धरू लागलं. १९६३ मध्ये ती बंद झाली ती कायमची. आज आपण बघतो ती २०१६ मध्ये उघडलेली प्रतिकृती, लास्को-४. ती अत्यंत काळजीपूर्वक केलेली आहे. बैलांच्या भव्य दालनात उभं राहिल्यावर छाती दडपते, चाकाच्या खुर्चीवरूनही सगळं बघता येतं आणि मुलांना समजेल अशी मांडणी आहे. पण आपण नव्या बांधकामात आहोत याची जाणीव राहते. अजिंठ्याच्या मूळ लेण्यात मंद उजेडात पद्मपाणीसमोर उभं राहिलेल्याला आणि मग पायथ्याच्या केंद्रातली प्रतिकृती पाहिलेल्याला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

लॉटच्या खोऱ्यात काब्रेरे गावाजवळ पेश मेर्ल आहे आणि ती मूळ गुहा आहे. १९२२ मध्ये दोन किशोरवयीन मुलांनी ती शोधली. आत गेल्यावर १२-१३ अंशांचा गारवा असतो. वाटाड्या दिवा लावतो आणि समोर ठिपक्यांचे दोन घोडे येतात. सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे. उजवीकडच्या घोड्याचं डोकं खडकाच्या नैसर्गिक कडेशी जुळवून घेतलंय, त्यामुळे चित्रकाराला दगडातच घोडा दिसला असावा असं वाटतं. भोवती हाताचे ठसे आहेत: भिंतीवर तळवा टेकवून त्यावर रंग फुंकलेला. पुढे एका ठिकाणी घट्ट झालेल्या चिखलात माणसाच्या पावलांच्या खुणा आहेत. फोटो काढता येत नाहीत आणि दिवसाला मोजक्याच माणसांना आत सोडतात. तेच योग्य आहे.

व्हेझेरकडेही मूळ गुहा आहेत, हे सांगितलं नाही तर तुलना एकतर्फी होईल. ले-झेझी गावाजवळच्या फाँ-द-गोममध्ये अनेक रंगांतले रानबैल अजूनही मूळ भिंतीवर बघता येतात, पण तिथली तिकिटं अगदी थोडी असतात आणि लवकर संपतात. रुफिन्याकच्या गुहेत विजेवर चालणाऱ्या छोट्या रेल्वेने आत नेतात. तिथे १५० हून अधिक मॅमथ चितारलेले आहेत आणि चालायला फारसं लागत नाही. आधी आरक्षण केलं तर तिकीट मिळेल अशी मूळ गुहा हवी आणि तीही पहिल्याच भेटीत अविस्मरणीय, तर मी पेश मेर्लकडे बोट दाखवेन.

लॉट: पायांना काम

पेश मेर्ल सकाळी पाहा आणि दुपारी तिथून जवळच्या बूझिएसला या. तिथून साँ-सिर्क-लापोपीपर्यंत नदीकाठची जुनी वाट आहे. पूर्वी मालाच्या होड्या काठावरून दोराने ओढून न्यायच्या, त्यासाठी कडा खोदून ती केली. काही भागात डोक्यावर खडकाचं छत आणि बाजूला लगेच पाणी. साधारण सव्वा तासात, शेवटच्या चढणीसह, नदीपासून शंभर मीटर उंचीवरच्या गावात पोहोचता. अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रेतोंने १९५१ मध्ये तिथे घर घेतलं. या गावात पायी वर चढून येणं आणि वाहनतळावरून खाली उतरणं हे दोन वेगळे अनुभव आहेत. पहिलाच घ्या. उन्हाळ्यात दुपारी इथेही गर्दी होते, पण संध्याकाळी सहानंतर गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं.

बाकी लॉट शांत आहे. सेलेच्या छोट्या खोऱ्यातून स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थाच्या यात्रेकरूंची एक वाट जाते. सबंध यात्रा करायची नसली तरी एका दिवसाचा टप्पा सहज होतो. काओरला नदीने जवळजवळ पूर्ण वळसा घातलाय आणि तिथला चौदाव्या शतकातला तीन बुरुजांचा व्हालांत्रे पूल बघायला दहा मिनिटं ठेवू नका, तासभर ठेवा. काओरच्या आसपास परवाना नसतानाही राहण्याची सोय असलेली बोट भाड्याने मिळते. नदीवरच्या जलपाशांची, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या टाक्यांची, दारं मात्र हाताने उघडावी लागतात, म्हणून मजबूत हातांची दोन माणसं तरी हवीत. इथल्या पठारावरचं रात्रीचं आकाश फ्रान्समधल्या सर्वांत काळोख्या आकाशांपैकी एक समजलं जातं. आकाशदर्शनाची आवड असेल तर अमावस्येच्या आसपासचे दिवस निवडा.

जेवण, गाडी, महिना

शाकाहाऱ्यांना दोन्हीकडे विचारून खावं लागतं, पण दोर्दोन्यकडे जास्त. सार्लाचे प्रसिद्ध बटाटे बदकाच्या चरबीत परततात आणि यादीत ते साधे बटाटे म्हणूनच दिसतात. सॅलडमध्येही बदकाचे तुकडे असू शकतात. शेळीच्या दुधाचं गरम चीज आणि अक्रोड घातलेलं सॅलड हा दोन्हीकडचा भरवशाचा पदार्थ. स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंत तर आठवडी बाजारातल्या भाज्या, स्ट्रॉबेरी आणि पाव यांवर उत्तम निभतं. वाइनची आवड असणाऱ्यांनी काओरची माल्बेक द्राक्षाची गडद वाइन तिच्या जागीच चाखावी. इथे मात्र लॉट सरस.

गाडी चालवायची नसेल तर प्रश्नच मिटला: लॉट घ्या. पॅरिसहून काओरला थेट रेल्वे आहे, तूलूझ जवळ आहे, आणि काओर-फिजाक बस नदीकाठाने जाते. ती साँ-सिर्कच्या खाली तूर-द-फोरला थांबते. सार्लालाही रेल्वे जाते, पण किल्ले आणि गुहा यांच्यामध्ये गाडीशिवाय हाल होतात.

महिना मे-जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्येच जायचं ठरलं असेल तर माझा कौल लॉटला, कारण त्या दिवसांत दोर्दोन्यचा तो सुंदर पट्टा गाड्यांनी भरतो. अपवाद एकच: त्या दोन महिन्यांत गुरुवारी रात्री दोर्दोन्यवरच्या मार्केसाकच्या बागा मेणबत्त्यांनी उजळतात आणि खाली नदीचं खोरं दिसतं. हिवाळ्यात बरीच ठिकाणं बंद असतात, मात्र लॉटमध्ये लालबेंकचा मंगळवारचा ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या सुगंधी बुरशीचा, बाजार तेव्हाच भरतो.

आरक्षणाचा क्रम असा ठेवा: आधी गुहेचं तिकीट, मग राहण्याची जागा, शेवटी रेल्वे किंवा गाडी. पेश मेर्ल किंवा फाँ-द-गोमचा वार हाती आला की बाकीचे दिवस त्याभोवती बसवता येतात. कयाकसाठी हंगामात एखादा दिवस आधी फोन केला तरी पुरतं. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर निघण्याआधी पाण्याची पातळी विचारून घ्या.