मे महिन्यातलं ताडोबा: कोअर की बफर?

उन्हाळ्याच्या सुट्टीत ताडोबाचा बेत आखला की पहिला पेच कोअर (जंगलाचा राखीव गाभा) आणि बफर (त्याभोवतीचा पट्टा) यांचाच पडतो. कोअरचं बुकिंग कधीच भरलेलं असतं, आणि रिसॉर्टवाला सांगतो, "बफर घ्या साहेब, वाघ तिथंही दिसतो." तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो.

कोअर सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचं. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी अशा गेटांतून आत शिरायचं. जामणीसारखी गावं इथून उठली आणि त्यांच्या शेतांवर आता कुरणं आहेत. तिथे चितळांचे कळप, अधूनमधून गवे, नशीब असेल तर रानकुत्री. वाघ दिसला नाही तरी सकाळ फुकट जात नाही. मला कोअर आवडतं ते यासाठी.

बफर आकारानं जवळपास दुप्पट, पण त्यात गावं आहेत, शेती आहे, गुरं आहेत. मे महिन्यात पहाटे बायामाणसं तेंदूपत्ता तोडायला याच जंगलात जातात. वाघ जिथे हिंडतो तिथेच माणसाचं पोट, आणि त्यातून होणारे हल्ले चंद्रपूर जिल्ह्यात नवे नाहीत. अगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलीझंजा ही इथली ओळखीची गेटं. शुल्क कमी, बुकिंग त्या मानानं सोपं. जंगल मात्र तुकड्यातुकड्यांचं वाटतं.

गर्दीचं म्हणाल, तर कोअरमध्ये ती पाणवठ्यावर कळते. मे संपता संपता नाले आटतात, तेंदू-सागाखालचा पाचोळा कुरकुरीत होतो आणि जनावर पाण्याशी येतं. पांढरपौनी या पाणवठ्यात वाघीण बसली की वेगवेगळ्या गेटांच्या जिप्स्या तिथेच जमतात. पुढची गाडी हलेपर्यंत तुम्हाला दिसतात त्या टोप्या आणि लेन्सा. बफरच्या पाणवठ्यावर गाड्या कमी, त्यामुळे दिसला तर निवांत दिसतो. नाही दिसला तर मात्र बराच वेळ धुरळा खाण्याची तयारी ठेवा.

वेळेचा प्रश्न मला कोअर-बफरपेक्षा मोठा वाटतो. चंद्रपूरचा पारा मेमध्ये पंचेचाळिशी सहज ओलांडतो. दुपारच्या फेरीला उघड्या जिप्सीत बसल्यावर सीटचा लोखंडी दांडाही धरवत नाही. वाघ पाण्यात सापडायची शक्यता मात्र याच फेरीत जास्त. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं सोबत असतील तर सरळ सकाळच्याच फेऱ्या घ्या, गेट कुठलंही असो. फोटोसाठी जाणाऱ्यांनी दुपार सोडू नये. डोक्याला ओला दुपट्टा बांधावा.

दोन रात्री हाताशी असतील तर मी एक सकाळ कोअरला आणि उरलेल्या फेऱ्या बफरला देईन. सगळ्याच फेऱ्या कोअरच्या घेणं खिशाला जड जातं आणि मे महिन्यात त्याचा मोबदला तेवढा मिळत नाही. पण पहिल्यांदाच जंगलात जाणाऱ्यानं निव्वळ बफरवर भागवू नये. मुक्काम मोहर्लीकडे ठेवलात तर कोअरचं गेट आणि अगरझरी दोन्ही जवळ पडतात; नागपूरहून गाडीनं येणाऱ्यांना कोलारा बरं. आणि मंगळवारी कोअर बंद असतं, तेव्हा सोमवारी संध्याकाळी पोचणार असाल तर दुसऱ्या सकाळची फेरी बफरचीच धरा.