काळा पडदा ठेवावा की खिडकीतलं टर्मिनल?

माझा भाचा लातूरला खोली करून बीसीए शिकायलाय. घरातला जुना, २ जीबी रॅमचा लॅपटॉप त्याच्या वाट्याला आला. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून आठवडा झाला नाही तोच फोन आला : "मामा, डेस्कटॉप काढूनच टाकू का? नुसत्या काळ्या स्क्रीनवर लई पळतंय."

डेस्कटॉप म्हणजे खिडक्या, आयकॉन, माऊस हे सगळं दाखवणारा भाग. तो नसला की पळतंय हे खरं. पण काळ्या स्क्रीन दोन आहेत आणि त्या एक नव्हेत. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यावर अख्खा पडदा व्यापून येतो तो व्हर्च्युअल कन्सोल. तो खुद्द कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालवतं, डेस्कटॉप असो वा नसो. दुसरी म्हणजे डेस्कटॉपवर उघडणारी टर्मिनलची खिडकी. ब्राउझरसारखाच तोही एक प्रोग्राम, डेस्कटॉप बसला की त्याच्यासोबत बसणारा. (केडीई नावाच्या डेस्कटॉपच्या अशा खिडकीचं नाव मात्र कॉन्सोल! गोंधळ तिथूनच सुरू होतो.) आत बॅश (आपल्या कमांड घेऊन त्या चालवणारा प्रोग्राम) तोच, कमांड त्याच. आपण कुठं आहोत ते कळत नसेल तर 'टीटीवाय' (tty) ही कमांड द्या. उत्तरात टीटीवाय३ वगैरे आलं तर कन्सोल, पीटीएस (pts) आलं तर खिडकी.

आपल्यासाठी पहिला निकष मराठीचा. कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात, आणि वेलांटी, रफार, जोडाक्षरं जुळवायची सोय कर्नलच्या कन्सोलमध्ये नाहीच. 'सातबारा अर्ज' नावाचं फोल्डर तिथं नुसते चौकोन होऊन दिसतं. फाईलला काही झालेलं नसतं, दिसत नाही एवढंच. मराठी टाईप करायचं तर नावच नको. खिडकीत अक्षरं दिसतात, पण तिथंही प्रत्येक अक्षराला ठरलेल्या मापाचं घर असल्यानं ऱ्हस्व वेलांटी कधी शेजाऱ्याच्या घरात शिरते, कर्सर एक घर मागे-पुढे होतो. वाचण्यापुरतं चालतं. लांबलचक मराठी मजकूर मी दोन्हीकडं लिहीत नाही, त्याला साधा एडिटर बरा.

मागं सरकवून वाचणं, कॉपी-पेस्ट, अक्षरं लहान-मोठी करणं, या सगळ्यात खिडकी सरळ पुढं. कन्सोलवर शिफ्ट आणि पेज-अप दाबून मागचं बघता यायचं, ते २०२० मध्ये आलेल्या ५.९ कर्नलपासून गेलं. जुन्या पुस्तकांत अजून तसं लिहिलेलं आहे, म्हणून पोरं बटणं दाबत बसतात. लांब उत्तर येणार असेल तर ते 'लेस' (less) या पान-पान दाखवणाऱ्या कमांडमधून वाचायचं.

मग कन्सोल हवा कशाला? माऊस हलेनासा होतो त्या दिवसासाठी. ब्राउझरनं रॅम खाल्ली, खिडकी उघडायलाही जागा उरली नाही, अशा वेळी एफ३ वर जायचं, 'टॉप' (top) ही चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी कमांड लावून कोण फुगलंय ते बघायचं, त्याला 'किल' (kill) करायचं, म्हणजे बंद पाडायचं, आणि परत यायचं. पॉवरचं बटण दाबून धरण्यापेक्षा हे शंभरदा बरं. पण २ जीबीच्या मशीनवर एक मेख आहे. स्वॅप (रॅम भरल्यावर डिस्कवर वापरली जाणारी जागा) घासत असेल तर पासवर्ड टाकल्यावरही लॉगिन पुरं होत नाही. त्याला साधारण ६० सेकंदांची मुदत असते, ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी एफ३ वर आधीच लॉगिन करून ठेवतो. यात धोकाही आहे बरं का : डेस्कटॉपला कुलूप लावलं तरी एफ३ उघडाच राहतो. खोलीत चार पोरं असतील तर 'व्हीलॉक' (vlock) हे कन्सोलचं कुलूप लावल्याशिवाय हे करू नये.

आणि लाईट. लॅपटॉपला बॅटरी आहे, राऊटरला नाही. कॉलेजच्या सर्व्हरवर एसएसएचनं (दूरच्या मशीनवर लॉगिन करून) काम चालू असताना लाईट गेली की कन्सोल काय आणि खिडकी काय, जोडणी तुटलीच. तिथं सर्व्हरवर टीमक्स (tmux, जोडणी तुटली तरी काम जिवंत ठेवणारा प्रोग्राम) चालू केलेलं असेल तर काम तिकडं चालूच राहतं, लाईट आली की पुन्हा जोडून घ्यायचं. म्हणजे भाच्याला निवड करायची होती दोघांत, पण त्याची खरी गरज या तिसऱ्याची.

त्याला सांगितलं ते असं : डेस्कटॉप काढू नकोस, एक्सएफसीईसारखा (Xfce) हलका डेस्कटॉप टाक. रोजचं काम खिडकीत कर. घरी बिनमॉनिटरचा सर्व्हर ठेवशील तेव्हा डेस्कटॉपचं नावही काढू नकोस. आणि मशीन धड असतानाच एकदा एफ३ वर जाऊन ये. पासवर्ड टाकताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही, त्याला घाबरू नकोस. एफची बटणं दाबताना काही लॅपटॉपवर एफएनही दाबावं लागतं. कंट्रोल-ऑल्टसोबत दाबायचं परतीचं बटण कुठं एफ१, कुठं एफ२, जुन्यांवर एफ७. तुझ्याकडं कुठलं ते बघ आणि चिठ्ठीवर लिहून कीबोर्डशेजारी चिकटव.