इंजेक्शन गाडीचं ‘टायमिंग सेटिंग’: बिल भरण्याआधी हे वाचा

ज्या इंजिनाला डिस्ट्रिब्युटरच (जुन्या इंजिनांतला, फिरवून ठिणगीची वेळ बदलता येणारा भाग) नाही, त्याचं इग्निशन टायमिंग, म्हणजे स्पार्क प्लगची ठिणगी पडण्याची वेळ, सेट केल्याचे पैसे माझ्याकडून घेतले गेले. असं बिल आणखी कुणाच्या हातात पडू नये, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी पेट्रोल इंजेक्शनची, प्रत्येक स्पार्क प्लगवर वेगळी कॉइल. पिकअप पडला, चढावर सारखा गिअर उतरवावा लागे, ॲव्हरेज घसरलं आणि चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, इंजिन रेझ करून ऐकलं आणि म्हणाला, “टायमिंग सरकलंय साहेब, सेट करून देतो.” संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा दिवा गेला होता, पिकअपही परत आला होता. बिलावर ‘इग्निशन टायमिंग सेटिंग’ अशी वेगळी ओळ. गाडी चांगली पळत होती, पैसे दिले.

थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागला. आता त्याचं म्हणणं, “ईसीयू टायमिंग धरत नाही, ईसीयूच बदलावा लागेल.” ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. मी गाडी दुसरीकडे नेली.

तिथल्या मेकॅनिकने कशालाही हात लावण्याआधी स्कॅनर (ईसीयूतले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) जोडला. कोड आला पी०३२५, म्हणजे नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. हा सेन्सर इंजिन ब्लॉकवर बसतो आणि सिलिंडरमध्ये होणारं नॉकिंग (इंधन आपोआप पेटून बसणारे ठोके) ओळखतो. त्याचा सिग्नल बंद झाला की पिस्टन वाचवण्यासाठी ईसीयू ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो. माझ्या गाडीची ताकद तिथेच जात होती. सेन्सरच्या कनेक्टरमधली पिन गंजलेली निघाली.

पहिल्या गॅरेजवाल्याने फक्त कोड पुसला होता. कोड पुसला की दिवा विझतो, ठिणगी पूर्वीच्या वेळेवर येते आणि दोष पुन्हा पकडला जाईपर्यंत गाडी दुरुस्त झाल्यासारखी वाटते. पुरावाही स्कॅनरवरच मिळाला. कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, हे बऱ्याच गाड्यांच्या ईसीयूत नोंदलेलं असतं. पहिल्या गॅरेजच्या बिलावर ओडोमीटरचा आकडा होता. आजच्या आकड्यातून तो वजा केला, तर जवळपास तेवढंच अंतर निघालं. ते बिल घेऊन मी परत गेलो आणि विचारलं, नेमकं काय फिरवलंत ते दाखवा. त्याला काही दाखवता आलं नाही. पैसेही त्याने परत केले नाहीत.

दाखवणार तरी काय? अशा इंजिनात टायमिंगसाठी फिरवायचा बोल्ट नसतोच. क्रँकशाफ्टच्या सेन्सरवरून पिस्टन कुठे आहे ते ईसीयूला कळतं आणि फेरे, लोड, कूलंटचं तापमान पाहून तो प्रत्येक ठिणगीची वेळ ठरवतो. स्कॅनरवर ती वेळ अंशांमध्ये दिसते. कायमची बदलायची असेल, तर ईसीयूतला प्रोग्रॅमच बदलावा लागतो.

डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या इंजेक्शन गाड्यांमध्ये मात्र हे काम खरोखर असतं, आणि फसवणूक तिथेही होते. टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकून तिची वेळ दाखवणारा दिवा) न लावता, नुसतं कानाने ऐकून डिस्ट्रिब्युटर फिरवणाऱ्याला गाडी देऊ नका. फार लवकर पडणारी ठिणगी पिस्टन फोडू शकते. लाइट लावला तरी तेवढ्याने भागत नाही, कारण ईसीयू सतत वेळ बदलत असतो. त्याला आधी मूळ टायमिंगवर थांबवावं लागतं. टोयोटाच्या अनेक जुन्या इंजिनांत डायग्नॉस्टिक कनेक्टरमधल्या टीई१ आणि ई१ या पिना तारेने जोडतात. फोर्डच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत स्पाउट कनेक्टर (ईसीयूचा ठिणगीचा सिग्नल ज्यातून जातो तो) काढतात. इंजिन पूर्ण गरम, एसी आणि दिवे बंद, आयडल (गाडी उभी असतानाचे इंजिनाचे फेरे) पुस्तकात दिल्याप्रमाणे. मग पहिल्या सिलिंडरच्या वायरला लाइटची क्लिप लावून क्रँकशाफ्टच्या पुलीवरची खूण बघायची. बऱ्याच इंजिनांत ती टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर पोचतो त्या जागेच्या) १० अंश आधी हवी असते; तुमच्या गाडीचा आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. पुलीतलं रबर सरकलं असेल तर खूणच खोटी दाखवते, तेव्हा टीडीसी आधी तपासून घ्यायला सांगा.

डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट आवळल्यावर वेळ पुन्हा बघायची आणि मगच जंपर, म्हणजे पिना जोडणारी ती तार, काढायचा. हे सगळं समोर उभं राहून बघता येतं. कुणी बघू देत नसेल, तर गाडी तिथून बाहेर काढा.