‘आज पॅलेस बंद आहे’ : बँकॉकमध्ये आम्हाला कसं गंडवलं

बँकॉकचा ग्रँड पॅलेस रोज सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनपर्यंत तिकीट मिळतं. शनिवार-रविवारीसुद्धा आणि बुद्धाच्या सणालासुद्धा. राजघराण्याचा एखादा विधी असला तर क्वचित बंद असतो, पण ते आधी जाहीर होतं. ते सांगायला रस्त्यावर कुणी माणूस उभा करत नाही. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण आमचे सव्वा लाख रुपये जिथून गेले ती सुरुवात या एका वाक्याची होती : "आज पॅलेस बंद आहे."

आम्ही चौघं होतो. आई, बाबा, मी आणि माझी आठ वर्षांची लेक. बाबांची ही पहिली परदेशवारी. एसटीच्या कार्यालयात त्यांनी आयुष्यभर हिशेब लिहिले, घरातल्या भाजीचाही हिशेब ते लिहितात. बँकॉकमधलं त्यांना एकच बघायचं होतं, पॅलेसच्या आवारातला हिरवा बुद्ध. जेमतेम ६६ सेंटीमीटरची मूर्ती, आणि वर्षातून तीनदा ऋतू बदलला की राजा स्वतः तिची वस्त्रं बदलतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि आम्हा सगळ्यांना सांगून झालं होतं.

मेट्रोच्या सनाम चाय स्टेशनवर उतरून आम्ही चालत निघालो. पॅलेसला पांढरीशुभ्र तटबंदी आहे, सगळी मिळून १९०० मीटर. स्टेशन दक्षिणेला आणि पर्यटकांचं दार उत्तरेला. म्हणजे बराच वेळ तुम्ही नुसते भिंतीच्या कडेने चालत राहता. दार उघडं आहे का बंद, हे तिथून कळायला काही मार्ग नाही. ही माणसं नेमकी त्या टप्प्यात उभी असतात.

आम्हाला भेटलेला माणूस पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. आधी त्याने लेकीला हसून हात केला. मग म्हणाला, आज भिक्षूंची प्रार्थना आहे, दीडनंतर या. लेकीच्या अर्ध्या चड्डीकडे बोट दाखवून म्हणाला, असे उघडे गुडघे तिथे चालत नाहीत, येताना लांब कपडे घालून या. ही दुसरी गोष्ट अगदी खरी आहे. खांदे-गुडघे झाकलेले नसले तर आत सोडतच नाहीत. एक खरी गोष्ट सांगितली की शेजारची खोटी गोष्टही खरी वाटते. यांचा सगळा धंदा या मिश्रणावर चालतो.

त्याने खिशातून पेन काढलं आणि आमच्याच नकाशावर तीन गोल केले. एक उभ्या बुद्धाचं मंदिर, दुसरं आणखी एक छोटं मंदिर आणि तिसरं ‘सरकारी एक्स्पोर्ट सेंटर’. तिथे वर्षातून एकदा करमाफी असते, आज शेवटचा दिवस, असं जाता जाता म्हणाला. घ्याच असं म्हणाला नाही. टुकटुक, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा, त्यानेच थांबवली, चाळीस बाटमध्ये तिन्ही ठिकाणं, वाट बघण्यासकट. म्हणजे साधारण शंभर रुपये. स्वतःसाठी त्याने एक बाटही मागितला नाही, नमस्कार करून चालू लागला. टुकटुकवाल्याला दुकानाकडून पेट्रोलची कुपनं आणि विक्रीवर कमिशन मिळतं, हे आम्हाला नंतर कळलं.

वाट इंथाराविहान (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर) इथला ३२ मीटर उंच उभा बुद्ध खरोखर बघण्यासारखा आहे आणि त्या मंदिराचा या लबाडीशी काही संबंध नाही. दुसऱ्या मंदिरात मात्र जवळपास शुकशुकाट होता. एका कोपऱ्यात एक सुटाबुटातला माणूस हात जोडून बसला होता. आईने त्याची प्रार्थना संपेपर्यंत लेकीला गप्प बसवलं. तो उठला, स्वतःहून बोलला. सिंगापूरला राहतो, वकील आहे म्हणाला. तुम्हाला आजच्या करमाफीचं कुणी सांगितलं, असं त्यानेच आश्चर्याने विचारलं. दरवर्षी येऊन दोन नीलम घेतो आणि सिंगापुरात दुप्पट भावाने विकतो, मुलीची फी त्यातून निघते, असं म्हणून पाकिटातली घडी घातलेली पावती त्याने दाखवली.

आता बाबांच्या जागी उभं राहून बघा. रस्त्यावरच्या माणसाने एक सांगितलं. टुकटुकवाल्याने मान डोलावली. तिसरा माणूस, ज्याला आम्ही कोण हे माहीत असण्याचं कारण नाही, तो देवळात तेच बोलतो. कोर्टातसुद्धा तीन साक्षीदार जुळले तर गोष्ट खरी धरतील. बाबा हिशेबी माणूस, त्यांनी ताळा करून बघितला आणि ताळा जुळला. तो जुळावा म्हणूनच ती माणसं तिथे बसवलेली असतात.

दुकान वातानुकूलित, दारात गणवेशातला रखवालदार, बसायला सोफा, थंडगार पाणी. आम्ही भारतीय म्हटल्यावर विक्रेतीने थेट शनी आणि साडेसाती असे शब्द वापरले. मग तिने एक नीलम उचलला आणि काचेच्या तुकड्यावर ओढला. काचेवर पांढरा ओरखडा उठला. तिने काच बाबांच्या हातात दिली, बोट फिरवून बघा म्हणाली. बाबांनी बघितलं, मीही बघितलं. ओरखडा खराच होता.

पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. नीलम आणि माणिक ही दोन्ही कुरुंद या एकाच खनिजाची रूपं. त्याची कठीणता दहापैकी नऊ, काचेची साडेपाचच्या आसपास. उत्तम नीलमही काच कापतो, शंभर रुपयांचा काळपट नीलमही कापतो आणि कारखान्यात बनवलेलाही कापतो. खडा म्हणजे नुसती काच नाही एवढं त्यातून एक वेळ कळेल, त्याची किंमत कळत नाही. आणि पैसे आपण किमतीचे मोजत असतो.

बाबांनी एकोणीस हजार बाटची नीलमची अंगठी घेतली आणि आईसाठी अठ्ठावीस हजारांचं माणकाचं पेंडंट व कानातलं. पैसे कार्डावर. पेंडंटचा संच त्यांनी प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून दिला आणि बजावलं, भारतात पोचेपर्यंत सील तोडू नका, तोडलंत तर आमची हमी संपली. वाटेत कुणी जोहऱ्याला दाखवू नये यासाठीच हे सील. कुरिअरने थेट घरी पाठवतो असंही म्हणत होते. आई नको म्हणाली म्हणून वाचलं. अंगठी बाबांनी तिथेच बोटात घातली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

त्या शनिवारी आम्ही पॅलेसला पोचलो. दारापाशी ध्वनिक्षेपकावर इंग्रजीत सूचना चालू होती : पॅलेस रोज उघडा असतो, अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि बोटातली अंगठी काढून खिशात टाकली. हिरवा बुद्ध समोर असताना त्यांचं लक्ष नव्हतं. याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

मी तिथूनच ११५५ ला फोन लावला. हा थायलंडच्या टुरिस्ट पोलिसांचा नंबर, इंग्रजीत बोलतात. त्यांनी बिल आणि वस्तू घेऊन बोलावलं, दुकानाशी बोलणी करून दिली. सील शाबूत होतं म्हणून पेंडंटच्या संचाचे सत्तर टक्के परत मिळाले. अंगठी वापरलेली, म्हणून एक बाटही नाही. खडा बनावट असता तर गुन्हा झाला असता. खडा खरा आहे आणि फक्त महाग विकला, तर तो व्यवहारातला वाद ठरतो, असं पोलिसांनी सरळ सांगितलं. दुकानाला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते काच विकत नाहीत. पुण्यात प्रयोगशाळेने अहवाल दिला : नैसर्गिक नीलम, तापवून रंग चढवलेला, शाईसारखा काळपट. ओळखीच्या सराफाने त्याची किंमत अडीच-तीन हजार रुपये सांगितली. बँकेनेही हात वर केले, कारण पावतीवर बाबांची सही आहे आणि वस्तू मिळाली आहे.

ऐकणारे बहुतेक जण म्हणाले, "दुप्पट भावाचा मोह झाला असेल." मला हे मान्य नाही. बाबांनी विकायला काही घेतलंच नव्हतं, बायकोसाठी आणि स्वतःच्या श्रद्धेसाठी घेतलं होतं. मोहाचा शिक्का बसला की माणूस लाजेने गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की पुढच्या कुटुंबाला कुणी सांगत नाही. बाबांना विचारूनच हे लिहिलंय. ते म्हणाले, आकड्यांसकट लिही.

तर जाणार असाल तर तिकीट खिडकीपर्यंत स्वतःच्या पायांनी जा, वाटेत कुणी काहीही सांगो. मेट्रोने यायचं नसेल तर चाओ फ्राया नदीच्या बोटीने था चांग धक्क्यावर उतरा, तिथून दार जवळ आहे. थायलंडमध्ये खडे घ्यायचेच असतील तर तेही होतं, चांथाबुरीचा खड्यांचा बाजार जगभर प्रसिद्ध आहे आणि बँकॉकमध्ये सरकारी रत्नसंस्थेची प्रयोगशाळाही आहे. पैसे देण्याआधी तिथे तपासून घेऊ म्हणा आणि विक्रेत्याचा चेहरा बघा. आणि कुणी आधीच घेऊन बसलं असेल, तर सील तोडू नका, अंगठी बोटात घालू नका, खडे कुरिअरने पाठवू देऊ नका आणि विमानात बसायच्या आधी ११५५ ला फोन करा. भारतात आल्यावर यातलं काहीच हातात राहत नाही.