त्यांनी माझी फिल्म पाहिलीच नव्हती

सप्टेंबर 2023 मध्ये बाबा आणि मी पहाटेच्या एसटीने कोल्हापूरहून पुण्याला गेलो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मी मास कम्युनिकेशनची तीन वर्षांची पदवी घेऊन एका स्थानिक केबल चॅनेलमध्ये कॅमेरा आणि एडिटिंग करत होते. जर्मनीत मीडिया शिकायचं हे मनात पक्कं होतं. डेक्कनवरच्या त्या कन्सल्टन्सीच्या ऑफिसात भिंतभर व्हिसा मिळालेल्या मुलामुलींचे फोटो होते. कन्सल्टन्सी चालवणाऱ्या सरांनी बाबांना "काका, पाणी घ्या" म्हणत स्वतः ग्लास दिला. बाबांचा विश्वास तिथेच बसला आणि खरं सांगायचं तर माझाही.

पुढच्या अकरा महिन्यांत आमचे 5 लाख 65 हजार रुपये गेले. त्यातले बरेचसे बाबांनी पीएफमधून काढलेले. माझं एक वर्ष गेलं ते वेगळंच. हे लिहितेय कारण माझ्याच कॉलेजची एक मुलगी गेल्या महिन्यात त्याच ऑफिसात पहिला हप्ता भरून आली.

मला विद्यापीठात जायचं नव्हतं, होखशूलमध्ये जायचं होतं. जर्मनीत विद्यापीठांचा मीडियाचा अभ्यास बराचसा सिद्धांताकडे झुकलेला असतो. होखशूलमध्ये, म्हणजे जिला आधी फाखहोखशूल म्हणत आणि इंग्रजीत 'युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस' म्हणतात तिथे, स्टुडिओ, ध्वनी, प्रकाश, प्रोजेक्ट आणि बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत एक अख्खं सेमिस्टर कंपनीत प्रत्यक्ष काम. स्टुटगार्टची होखशूल डेर मेडियन, डार्मश्टाटच्या होखशूलचा डीबुर्गमधला मीडिया कॅम्पस, हॅम्बुर्गचा फिंकेनाऊ कॅम्पस, सॅक्सनीतलं मिटवायडा ही नावं मला तोंडपाठ होती. सरांनी कागदावर तीच नावं भराभर लिहिली, आणखी दोन जोडली आणि म्हणाले, "सगळ्या पब्लिक. ट्यूशन फी झिरो. मास्टर्स होऊन जाईल. जर्मन ए-वन केलंस तरी पुरे."

या वाक्यांतली पहिली दोन तेवढी बरीचशी खरी होती. सरकारी होखशूलमध्ये बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नसते, सेमिस्टरला शंभर ते चारशे युरोच्या घरात वर्गणी भरावी लागते. पण स्टुटगार्ट आहे बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये, आणि त्या राज्यात 2017 च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला 1500 युरो फी आहे. मास्टर्सचं तर आणखी कठीण. होखशूलमधले तीन सेमिस्टरचे मास्टर्स 210 क्रेडिटची, म्हणजे साडेतीन वर्षांची, पदवी गृहीत धरतात, आणि आपली तीन वर्षांची पदवी साधारण 180 ला बसते. शिवाय सरकारी होखशूलमधले मीडियाचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मनमध्ये आहेत. ए-वन ही भाषेची सगळ्यात पहिली पायरी, तिच्यावर दुकानात ब्रेड मागता येतो, स्क्रिप्टवर वाद घालता येत नाही. बी-टू, सी-वन या वरच्या पायऱ्या लागतात. हे सगळं प्रत्येक होखशूलच्या पानावर लिहिलेलं असतं आणि मी ते वाचलं नाही. मीडिया शिकलेली मुलगी असून मूळ स्रोत न वाचता मधल्या माणसाचं ऐकलं, याची चुटपुट मला अजून आहे.

पॅकेज 1 लाख 20 हजारांचं, तीन हप्त्यांत. शिवाय वरचे खर्च. भारतीय विद्यार्थ्यांना 1 नोव्हेंबर 2022 पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, लागतं. त्याची फी 18 हजार होती, आमच्याकडून 32 हजार घेतले, "अर्जंट आहे" म्हणून. अर्जांचे 48 हजार घेतले. युनि-असिस्ट म्हणजे परदेशी मुलांचे अर्ज घेऊन तपासणारी जर्मनीतली संस्था. तिची फी पहिल्या अर्जाला 75 युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला 30, म्हणजे सहा अर्ज सगळे तिथूनच गेले असं धरलं तरी 225 युरो, वीस हजारांच्या आसपास. मार्चमध्ये "खोली आत्ताच अडवली पाहिजे" म्हणून 45 हजार रोख घेतले. त्याची पावती नाही. ज्या खोलीचे फोटो दाखवले त्या खोलीचा पत्ता आम्हाला कधीच मिळाला नाही.

एका गोष्टीतून मात्र आम्ही वाचलो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, तेव्हा 11,208 युरो दाखवावे लागत (सप्टेंबर 2024 पासून ते 11,904 झाले). सर म्हणाले, "एवढे गुंतवू नका काका, आम्ही फंड दाखवतो, तुम्ही फक्त व्याज द्या." आई पहिल्यांदाच मध्ये बोलली, "उसने पैसे दाखवून पोरगी परदेशी जाणार आणि तिथे खाणार काय?" आईचं बरोबर होतं. ते पैसे नुसते दाखवायचे नसतातच, तेच तुम्हाला तिथे दरमहा खर्चाला मिळतात.

आता मुख्य गोष्ट. युनि-असिस्टचं खातं सरांच्या ऑफिसने उघडलं, माझ्या नावाने पण त्यांच्याच ईमेलवर. पासवर्ड मागितला तर म्हणाले, "बेटा, शंभर मुलांचे अर्ज असतात, मुलांनी लॉगिन केलं की गोंधळ होतो." मी गप्प बसले. इथेच सगळं हातातून गेलं.

पोर्टफोलिओसाठी मी जीव ओतला होता. मामाच्या गुऱ्हाळावर बारा मिनिटांची फिल्म केली होती. पहाटे चार वाजता चुलवाण पेटायच्या आधीपासून शूटिंग. चिपाडं ढकलणारा माणूस, मळी काढणारे हात, भेंडीचं पाणी टाकल्यावर रसाचा बदलणारा रंग, आणि काहील वाफ्यात ओतली जाते तो क्षण. निवेदन एक शब्दही नाही, सगळं आवाजावर उभं. मामा म्हणायचा, "गुळव्या डोळ्यांनी नाही, कानांनी पाक ओळखतो," आणि फिल्म त्याच एका वाक्यावर बांधलेली.

जुलै 2024 च्या शेवटच्या आठवड्यात सरांचा फोन आला. सहाच्या सहा ठिकाणांहून नकार. चार पत्रं व्हॉट्सॲपवर पाठवली. प्रत्येकात तेच वाक्य, की तुमचं कलात्मक काम आमच्या पातळीचं नाही. मी ते वाक्य आईला वाचून दाखवलं नाही. दोन रात्री फिल्म पुन्हा पुन्हा लावून बघितली आणि प्रत्येक वेळी ती आणखी वाईट दिसायला लागली. एक वेळ अशी आली की हार्ड डिस्कवरून पुसून टाकावी वाटलं.

तिसऱ्या दिवशी सरांनी तोडगा काढला. एका मोठ्या शहरातली खासगी होखशूल, मीडिया मॅनेजमेंट, इंग्रजीत, "तुझ्यासाठी खास बोलून 30 टक्के स्कॉलरशिप घेतलीय, पण शुक्रवारपर्यंत डिपॉझिट." 3,500 युरो. बाबांनी शुक्रवारी बँकेत जाऊन 3 लाख 20 हजार पाठवले. खचलेल्या माणसाला दोन दिवसांची मुदत दिली की तो वाचत नाही, सही करतो. आधी माझी फिल्म वाईट ठरवली, मग दार उघडलं. या क्रमामागे हिशेब होता, असं मला आता वाटतं.

सरकारी होखशूल एजंटला कमिशन देत नाहीत. खासगी संस्था मात्र भरलेल्या फीतला वाटा एजंटला देतात. मी सरकारी ठिकाणी गेले असते तर सरांना पॅकेजपलीकडे काही मिळालं नसतं. सगळ्या खासगी होखशूल वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, कित्येक राज्यमान्य आहेत आणि नीट शिकवतात. पण माझ्या करारात आतल्या पानावर शिकवणं मुख्यतः ऑनलाइन असल्याचं लिहिलं होतं. विद्यार्थी व्हिसा वर्गात बसून शिकण्यासाठी मिळतो. ऑनलाइन कोर्सवर तिथे राहण्याचा परवाना अडतो आणि माणूस लाखो रुपये भरून परत येतो.

बाहेर आलं ते असं. फिल्मचं शल्य मनातून जाईना. ऑगस्टच्या शेवटी मी यादीतल्या एका होखशूलला माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ईमेल केला. प्रवेश मागितला नाही, तक्रारही केली नाही. एवढंच विचारलं, की माझ्या कामात नेमकं काय कमी होतं, मला सुधारायचं आहे. दोन दिवसांत उत्तर आलं. या नावाने आमच्याकडे कोणताही अर्ज आलेला नाही.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग बाकीच्यांना लिहिलं. उत्तरं आली त्या सगळ्यांनी तेच सांगितलं. युनि-असिस्टने कळवलं की नोंदवलेल्या ईमेलवरून विचारणा केल्याशिवाय ते माहिती देऊ शकत नाहीत, आणि तो ईमेल सरांचा.

बाबांनी रजा टाकली. आम्ही पुन्हा डेक्कनला गेलो. बाबा आवाज न चढवता म्हणाले, "खातं उघडून दाखवा. तोवर आम्ही उठणार नाही." दोन तासांनी एका असिस्टंट मुलीने लॅपटॉप फिरवला. अभ्यासक्रम नुसते निवडून ठेवलेले, पाठवलेलेच नव्हते. एकच अर्ज गेला होता आणि त्यावर जूनमध्ये कागद अपुरे असल्याचा निरोप पडून होता, कुणी उघडलेलाही नाही. ती मुलगी माझ्याहून लहान असेल. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

नकाराची पत्रं घरी येऊन पुन्हा पाहिली. चारही इंग्रजीत, चारहीत स्पेलिंगची एकच चूक. सरकारी होखशूलचं नकारपत्र हा तिथला प्रशासकीय आदेश असतो. तो सहसा जर्मनमध्ये असतो, आणि त्याच्या शेवटी या निर्णयाविरुद्ध कुठे, किती दिवसांत दाद मागता येते हा परिच्छेद असतो. माझ्या एकाही पत्रात तो नव्हता. तुमच्या हातात असं पत्र आलं तर आधी शेवटचा परिच्छेद बघा, आणि मग पत्रावरच्या नव्हे तर होखशूलच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर लिहून विचारा. मला खरं कळायला एक ईमेल पुरला. तो मी वर्षभर केला नाही, कारण "तुम्ही थेट लिहिलंत तर इंप्रेशन खराब होतं" असं सरांनी सांगून ठेवलं होतं. ते साफ खोटं आहे. तिथली प्रवेश कार्यालयं विद्यार्थ्याशीच बोलतात.

खासगी संस्थेने पाच महिने पत्रव्यवहार केल्यावर 2,000 युरो परत केले. कन्सल्टन्सीने काहीच दिलं नाही. पोलिसांत तक्रार दिली, तिथे "हा दिवाणी मामला" असं ऐकायला मिळालं. मग एका वकील काकांनी जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता दाखवला. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. सेवेसाठी मोजलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. दोन वर्षांच्या आत करावी लागते. आमची तक्रार चालू आहे. बँकेतून गेलेले पैसे आणि व्हॉट्सॲपवरची पत्रं पुराव्यात आहेत. रोख दिलेल्या 45 हजारांचं काय होईल माहीत नाही.

ज्यांची मुलं आत्ता या वाटेवर आहेत त्यांना हात जोडून सांगते. युनि-असिस्टचं खातं मुलांच्याच ईमेलवर उघडा, स्वतःच्या हाताने. संस्थेचं नाव होखशूलकोम्पास या संकेतस्थळावर शोधा, तिथे जर्मनीतल्या राज्यमान्य संस्था आणि त्यांचे अभ्यासक्रम आहेत, आणि संस्था सरकारी की खासगी हेही दिसतं. आपल्या पदवीचं मूल्य अनाबिनवर, म्हणजे परदेशी पदव्यांच्या जर्मन ऑनलाइन यादीत, बघा. आणि कन्सल्टंट कितीही भला वाटला तरी होखशूलला एकदा स्वतः लिहा. मोडक्या जर्मनमध्ये लिहिलंत तरी चालतं.

मी त्यानंतर वर्षभर चॅनेलचं काम सांभाळून जर्मन केलं. सकाळी सहा ते आठ ऑनलाइन क्लास, रविवारी दिवसभर. बी-टू झालं. मास्टर्सचा हट्ट सोडून पुन्हा पदवीलाच अर्ज केला, सात सेमिस्टरची, ध्वनी आणि चित्रीकरणाची. या वेळी सगळे निरोप माझ्याच ईमेलवर आले. एका कागदाची प्रत धूसर होती, तो निरोप रात्री साडेअकराला दिसला आणि सकाळी मी नवी प्रत चढवली. फिल्म तीच पाठवली, एक फ्रेमही न बदलता.

मग प्रवेशाची मुलाखत झाली, व्हिडिओ कॉलवर. समोर दोन प्राध्यापक. दोघांच्याही टेबलावर माझ्या फिल्मवरची टिपणं होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्यातल्या बाईंनी विचारलं, नवव्या मिनिटाला काहील ओतताना जो आवाज येतो तो तिथलाच आहे, की नंतर स्टुडिओत घातलाय? मी म्हणाले, तिथलाच. माइक बांबूला बांधून मामाने धरला होता, आणि वाफेने तो खराब झाला.

त्यांनी ते लिहून घेतलं.