ॲडजस्टर व्हायचंय? आधी तीनपैकी खुर्ची कुठली ते ठरवा

ॲडजस्टर म्हणजे विम्याच्या क्लेममध्ये नुकसान किती आणि पॉलिसीनुसार पैसे किती हे तपासणारा माणूस. तो व्हायचंय म्हणणारा जवळपास प्रत्येकजण पहिलं हेच विचारतो, कंपनीत नोकरी धरू का स्वतंत्र काम करू आणि पैसे कशात जास्त. पैशाचं नंतर बघू. नुकसान तेच असतं, पॉलिसी तीच असते, पण तुमची कमाई कोणाच्या खिशातून येते त्यावर तुमचा दिवस कसा जाणार आणि शिव्या कोण घालणार हे सगळं ठरतं.

खुर्च्या तीन. कंपनीच्या पगारावरचा स्टाफ ॲडजस्टर, कंपन्यांकडून फाइलमागे फी घेऊन काम करणारा स्वतंत्र ॲडजस्टर, आणि तिसरा विमाधारकाच्या बाजूने क्लेम लढवणारा, ज्याला अमेरिकेत पब्लिक ॲडजस्टर म्हणतात. नावांचा घोळ इथेच समजून घ्या नाहीतर वाचताना डोकं फिरेल. ब्रिटनमध्ये लॉस ॲडजस्टर म्हणजे विमा कंपनीने नेमलेला आणि लॉस असेसर म्हणजे ग्राहकाने नेमलेला, भारतात मात्र ‘सर्व्हेअर आणि लॉस असेसर’ असं एकच जोडनाव आहे आणि त्या लायसन्सवाल्याला सहसा कंपनी नेमते. लॉस असेसर हा शब्द एकच, पण दोन देशांत समोरासमोर बसलेला.

आता एकच क्लेम तिघांच्या टेबलावर ठेवू. गोदामाला आग लागली. आत असलेल्या मालाची खरी किंमत 100, विमा उतरवलाय 60 चा, जळालं 20 चं. मालक म्हणतो माझा विमा 60 चा आहे, नुकसान 20 चं आहे, मग 20 द्या की. ऐकायला बरोबर वाटतं. पण बऱ्याच मालमत्ता पॉलिसींमध्ये ॲव्हरेज क्लॉज असतो, म्हणजे तुम्ही 100 च्या मालावर 60 चाच विमा काढला तर उरलेल्या 40 ची विमा कंपनी तुम्ही स्वतः, म्हणून नुकसानीचा हिस्साही त्याच प्रमाणात, 20 च्या 60 टक्के, 12. त्यातून डिडक्टिबल, म्हणजे ग्राहकाने स्वतः सोसायचा ठरलेला भाग, वजा. (डिडक्टिबल ॲव्हरेजच्या आधी कापायचं की नंतर हे पॉलिसीच्या मजकुरात बघायचं, दोघांचा निकाल वेगळा येतो.) हे 12 लक्षात ठेवा, पुढे सगळं भांडण ह्यावरच आहे.

स्टाफवाल्याकडे ही फाइल आली की तो आधी जागेवर पळत नाही, कागद उघडतो. आग लागली त्या तारखेला पॉलिसी चालू होती का, ज्याच्या नावाने क्लेम आलाय त्याचा त्या मालात विमायोग्य हितसंबंध आहे का, का माल दुसऱ्याच कोणाचा आणि हा नुसता ठेवणावळ घेणारा, पत्ता तोच आहे का, कुठलं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत केलेला बदल, जोडलंय, कुठलं एक्सक्लुजन, म्हणजे वगळलेली गोष्ट, आड येतंय. मग रिझर्व्ह लावायचा, म्हणजे या क्लेमपोटी साधारण किती जाणार त्याचा आकडा पुस्तकात बाजूला ठेवायचा. नव्या माणसाला रिझर्व्ह म्हणजे कारकुनी वाटते, पण पहिल्या दिवशी 5 लावून सहा महिन्यांनी 40 केलं तर वरचा माणूस काय म्हणतो ते एकदा ऐकलं की आयुष्यभर आठवतं. शिवाय सेटलमेंटची मर्यादा असते, एवढ्यापर्यंत तुम्ही सही करा त्यावर साहेब.

ह्याच खुर्चीतून वसुली पण बघावी लागते. समजा आग शेजारच्या वेल्डिंगवाल्याच्या ठिणगीने लागली, तर मालकाला पैसे दिल्यावर त्याच्या जागी उभं राहून कंपनी वेल्डिंगवाल्याकडे मागू शकते, ह्याला सब्रोगेशन म्हणतात. मूळ तत्त्व एवढंच की विमा नुकसान भरून काढायला आहे, फायदा करून द्यायला नाही. 1883 चा कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन हा इंग्लंडचा खटला ह्यावर सगळीकडे शिकवतात, तिथे घर विकायचा करार झाला होता, व्यवहार पूर्ण व्हायच्या आधी आग लागली, विक्रेत्याने विम्याचे पैसे घेतले आणि नंतर खरेदीदाराकडून पूर्ण किंमत पण घेतली, कोर्टाने सांगितलं कंपनीचे पैसे परत करा. एकदा ही गोष्ट डोक्यात बसली की इंडेम्निटीची, म्हणजे ह्याच भरपाईच्या तत्त्वाची, व्याख्या पाठ करायची गरज नाही.

स्टाफची बाजू म्हणजे पगार ठरलेला, शिकवायला माणसं आजूबाजूला, आणि छोटे छोटे क्लेम इतके हातातून जातात की नजर तयार होते. वाईट बाजू, फाइलींचा ढीग. कितीतरी दिवस खुर्चीतून उठायला मिळत नाही, फोनवर रडणारा माणूस, पलीकडे चिडलेला एजंट, आणि मध्येच सिस्टिममध्ये नोंद टाकायची राहिली म्हणून ओरडा. पण ज्याला फिरायला नको, ठरावीक वेळ हवी, त्याच्यासाठी हेच बरं.

स्वतंत्र ॲडजस्टरचं काम जळलेल्या वासात सुरू होतं. जागेवर जायचं, फोटो काढायचे, मोजायचं, स्टॉक रजिस्टर आणि खरेदीची बिलं मागायची, विक्रीतून माल किती उरायला हवा होता ते काढायचं आणि राखेशी जुळवायचं. अर्धवट भिजलेला माल विकला तर किती येईल, म्हणजे सॅल्व्हेज, तेही त्यानेच धरायचं. यंत्र जळलं असेल आणि पॉलिसी नवीन किमतीची नसून चालू किमतीची असेल तर घसारा. दहा वर्षं चालणारं यंत्र चार वर्षं वापरलं म्हणून सरळ 40 टक्के कापणारे पुष्कळ आहेत, पण नीट देखभाल केलेल्या यंत्राला तो सरधोपट हिशोब लावला की भांडण ठरलेलं.

सगळ्यात किचकट म्हणजे कारण शोधणं. प्रॉक्झिमेट कॉज म्हणजे वेळेने शेवटचं कारण असं नव्या लोकांना वाटतं, ते चूक, ज्याच्यामुळे नुकसान खरोखर झालं ते मुख्य कारण. पहिल्या महायुद्धात, 1915 च्या जानेवारीत, इकारिया नावाच्या जहाजाला टॉर्पेडो लागला, ते कसंबसं फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात आणलं, तिथे वादळात ते धक्क्यावर आपटायला लागलं, हे इथेच बुडालं तर धक्का अडेल म्हणून बंदरवाल्यांनी त्याला हलवायला लावलं, नव्या जागी ओहोटीला ते तळाला टेकायचं आणि शेवटी बुडालं. मालक म्हणाले समुद्राने बुडवलं, पॉलिसीत समुद्राचा धोका होता आणि युद्धाचा वगळलेला होता. 1918 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की खरं कारण टॉर्पेडोच, क्लेम गेला. आपल्या गोदामात शॉर्टसर्किट, मग आग, मग विझवायच्या पाण्याने भिजलेला माल, ह्यातही हीच साखळी जोडायची असते, आणि आग पॉलिसीत असेल तर पाण्याचं ते नुकसानही सहसा आगीतच धरतात.

पैसे फाइलवर, बऱ्याच ठिकाणी क्लेमच्या आकारानुसार. मोठं वादळ आलं की कामाचा पूर. 2005 च्या कॅटरिना वादळानंतर अमेरिकेत घरोघरी एकच प्रश्न होता, छप्पर वाऱ्याने गेलं का घर पाण्याने, कारण वारा घरमालकाच्या नेहमीच्या पॉलिसीत आणि पूर वेगळ्या पॉलिसीत, आणि अनेकांकडे दुसरी नव्हतीच. अशा वेळी आठवडेच्या आठवडे घराबाहेर, शिडीवर, रात्री रिपोर्ट. आणि मग पुढचे काही महिने फोन वाजत नाही, ते धरून चाला. आणखी एक, स्वतंत्र हे नाव आहे पण पुढची फाइल तीच कंपनी देणार असते, कोणी तोंडाने काही म्हणत नाही तरी मान थोडी त्या बाजूला कलते. कलू द्यायची का नाही हे ज्याचं त्याने बघावं, पण दबाव नसतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तिसरा, ग्राहकाकडचा. ह्याची फी बहुधा मिळालेल्या रकमेवर टक्क्याने. तो आपल्या गोदामाच्या फाइलमधले 12 बघतो आणि 20 कडे बघतच नाही, थेट 100 वर बोट ठेवतो. म्हणतो एवढा माल होता कुठे, त्यातला बराच जुना पडलेला, त्याची बाजारभावाने किंमत धरा, एकूण 80 होते. मग 60 भागिले 80, म्हणजे 75 टक्के, 20 चे 15 झाले. एका आकड्यावर 12 चे 15! स्वतंत्रवाला हुशार असेल तर लगेच विचारणार, तो जुना पडलेला माल जळालेल्यातच आहे का, कारण असेल तर मग नुकसानही 20 राहत नाही. आणि स्टाफवाला दोघांची पत्रं समोर ठेवून ठरवणार. माझ्या मते हे काम शिकायचं तर ह्या एका उदाहरणावर तिन्ही बाजूंनी एकेक पत्र लिहून बघा, कुठलं पत्र लिहिताना मजा आली ते तुमचं तुम्हालाच कळेल.

ग्राहकाकडच्या माणसाला पॉलिसी कंपनीपेक्षा बारकाईने वाचावी लागते, मलबा उचलण्याचा खर्च, धंदा बंद राहिल्याचं नुकसान, अशा गोष्टी मालकाला माहीतच नसतात. शिवाय मालकाकडून त्याची कर्तव्यं करून घ्यावी लागतात, वेळेत कळवणं, उरलेला माल वाचवणं, पुरावा फेकून न देणं, ही चुकली तर चांगला क्लेमही लंगडा होतो. टक्क्याचा धोका उघड आहे, आकडा फुगवायचा मोह. आणि खोटं बिल एक जरी सापडलं तर अनेक पॉलिसींच्या अटींनुसार खरा भागही बुडू शकतो, मग ग्राहक तुम्हालाच धरतो. ज्याला भांडायला आवडतं आणि सहा महिने पैसे अडकले तरी झोप लागते त्यानेच इकडे यावं. काही ठिकाणी ह्या कामाला वेगळं लायसन्स लागतं, काही ठिकाणी परवानगीच नाही, तेवढं आधी तपासा.

मला विचाराल तर सुरुवात स्टाफमध्ये, दोन-तीन वर्षं, कारण दुसऱ्याचे रिपोर्ट वाचून वाईट रिपोर्ट कसा असतो ते तिथेच कळतं. थेट स्वतंत्र झालेले काही लोक फोटो छान काढतात पण कव्हर होतं का ह्या प्रश्नावर अडखळतात. उलट ज्याच्याकडे बांधकामाचा, यंत्रांचा किंवा हिशोबाचा आधीचा अनुभव आहे त्याने इतकं थांबायची गरज नाही, त्याला पॉलिसी शिकवता येते, भिंतीतली ओल कुठून आली हे ओळखायला शिकवणं अवघड.

मुलाखतीला गेलात तर कंपनीत विचारा एका माणसाकडे एका वेळी किती उघड्या फाइली असतात, स्वतंत्र फर्ममध्ये विचारा फी रिपोर्ट दिल्यावर मिळते का क्लेम मिटल्यावर, आणि ग्राहकाच्या बाजूने काम करणाऱ्याला विचारा की आधीच मान्य झालेल्या रकमेवरही तो टक्का घेतो का.